मागचा दोर कुणी सोडला

उस्ताद, परवा तुमच्या शोकसभेत मी खोटं बोललो.

तुम्हाला जाऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. गारखेड्यातल्या त्या छोट्या सभागृहात तुमचा वर्दीतला फोटो ठेवला होता. मिशांना पीळ, टोपी भुवईच्या वर बरोबर दोन बोटं. बुद्धवंदना झाली, तुमचे चुलतभाऊ बोलले, कॉलनीतले दोघे बोलले, आणि मग कुणीतरी माइकवर म्हणालं, "आता साहेब दोन शब्द बोलतील." साहेब म्हणजे मी. ज्या मैदानावर तुम्ही निम्मी नोकरी उन्हात काढली, त्या मैदानावरचं प्रशिक्षण सध्या माझ्या ताब्यात आहे. त्यामुळे बोलायचा मान माझा, असं सगळे धरूनच चालले होते.

मी उठलो आणि छान बोललो. म्हणालो, "यांनी आयुष्यभर शिस्त शिकवली आणि वेळ आली तेव्हा पाळूनही दाखवली. नोकरीच्या उतारावर एकदा त्यांना जादा कवायतीची शिक्षा झाली. स्वतः घडवलेल्या पोरांसमोर हा माणूस सात दिवस मुकाट्याने कवायत करत राहिला. तोंडातून ब्र काढला नाही. शिस्त म्हणतात ती ही." लोकांनी माना डोलावल्या. मागून कुणीतरी "वा" म्हटलं. मी खाली बसलो आणि पाणी प्यायलो. शिक्षा कशाची झाली आणि कुणामुळे झाली, एवढंच मी सांगितलं नाही.

समोरच्या रांगेत काकू, तुमच्या पत्नी, बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली नाही.

हे मी तुम्हाला सांगतोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी स्वतःची बाजू मांडावीशी वाटते. तुमच्यापुढे त्याचा उपयोग नाही. तुम्ही तिथे होतात.

मी पोलिसात भरती झालो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. उसाच्या शेतात वाढलेला, अंगाने दणकट, डोक्याने हट्टी. तुम्ही आम्हा पोरांना नावाने हाक मारत नव्हता, तालुक्याने मारायचात. "ए पैठण, गुडघा वर. ए सिल्लोड, झोपला का? ए कन्नड, छाती म्हणलं मी, पोट नाय." मी कन्नड. आमच्या तुकडीत फुलंब्रीचे दोघे होते, तर तुमच्याच तालुक्याचे म्हणून त्यांचे लाड होतील असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. सगळ्यात जास्त चकरा त्यांनीच मारल्या.

दंगा काबूच्या तासाला बाकीचे उस्ताद ढाली आणि काठ्या वाटायचे. तुम्ही आधी दोर काढायचात. निम्म्या तुकडीला मध्ये उभं करायचात आणि उरलेल्या निम्म्यांच्या हातात तो दोर द्यायचात. म्हणायचात, "आत हायेत ते जमाव. बाहेर हायेत ते पोलीस. आवळा." दोर आवळत आवळत आमची मोळी व्हायची. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत, कुणाचा बूट कुणाच्या पायावर. मे महिन्याचं ऊन. मग तुम्ही तोंडाला भोंगा लावून शांतपणे म्हणायचात, "हा जमाव बेकायदेशीर हाय. पांगा." आम्ही जागचे हलणार कसे? "अरे, ऑर्डर दिली ना मी? पांगत का नाय?" असं तुम्ही तीनदा म्हणायचात. तिसऱ्या वेळी वैजापूरच्या एका धिप्पाड गड्याने समोरच्याच्या पाठीत बुक्की घातली होती, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

तेव्हा तुम्ही दोर सोडायला लावलात. आम्ही मातीत बसून धापा टाकत होतो. "कळलं का?" तुम्ही म्हणालात. "पांगा म्हणायचं आन् पांगायला वाट ठेवायची नाय, हा कुठला न्याय? जमावाला कायम एक बाजू मोकळी पायजे. वाट दिसली की निम्मे लोक आपल्या पायानं घरी जातेत. नाय दिसली तर देवमाणूस बी दगड उचलतो." पुस्तकात हेच दीड पानभर आहे. मी पुढे ते पाठही केलं. पण शिकलो ते बरगड्यांनी, त्या दिवशी.

आपला वाद तिथेच सुरू झाला. मी विचारलं, "उस्ताद, वरून ऑर्डर आली की वाट बंद करा, तर?" तुम्ही म्हणालात, "तर देणाराला विचारायचं." मी म्हटलं, "आणि तो ऐकतच नसेल तर?" तुम्ही दोराची गुंडाळी करत होतात. म्हणालात, "मग तुझं तू बघ." मला ते उत्तर पळपुटं वाटलं. त्यानंतर कितीतरी वेळा मी ते उकरून काढलं. खात्यांतर्गत फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो तेव्हा तुम्ही मुख्यालयात होतात. माझ्या वाट्याची गार्ड ड्यूटी तुम्ही स्वतः घ्यायचात आणि मला म्हणायचात, "जा, कलमं पाठ कर." मी गार्डरूमच्या बाकावर पुस्तक उघडून बसायचो आणि कलमं पाठ करायची सोडून तुमच्याशी भांडायचो. म्हणायचो, "प्रत्येक शिपाई डोकं चालवायला लागला तर खातं चालेल कसं? शिस्त म्हणजे ऑर्डर पाळणं." तुम्ही हसायचात. "डोकं घरी ठेवून यायचं आसतं तर हेल्मेट कशाला देतेत रे?"

मी पास झालो. खांद्यावर तारे लावून परत आलो तेव्हा सगळ्यात आधी तुमच्याकडे आलो आणि पाया पडायला वाकलो. तुम्ही मला खांद्याला धरून उभं केलंत. "वर्दीत पाया पडायचं नाय. सॅल्यूट घ्या, साहेब." आणि तुम्ही कडक सॅल्यूट मारलात. त्या दिवसापासून मी 'कन्नड'चा 'साहेब' झालो. खरं सांगतो, मला फार संकोच वाटला होता. तो सहा महिने टिकला. मग तुमच्या सॅल्यूटची सवय झाली आणि पुढे तर एखाद्या दिवशी तुम्ही घाईत असलात, हात नीट वर गेला नाही, तर माझ्या ते लक्षात यायला लागलं.

आता तो दिवस. अकरा वर्षं झाली.

शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. चार-पाच कॉलन्यांमधल्या बायकांनी पाण्याच्या टाकीवर हंडा मोर्चा काढला. बंदोबस्ताला मी होतो आणि माझ्या हाताखाली तुम्ही. टाकीकडे जाणारा रस्ता अरुंद. एका बाजूला टाकीची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला घरं, त्यांची दारं लावलेली. समोर टाकीचं फाटक, तिथे आमची पहिली फळी. मागे हमरस्ता, तिथे तुम्ही आठ शिपाई आणि दोर घेऊन उभे. तीनेकशे बाया असतील. डोक्यावर, कमरेवर रिकामे हंडे. त्यांच्यातली एक पुढारी बाई मोठ्या आवाजात अधिकाऱ्यांचा उद्धार करत होती आणि बाकीच्या हंड्यांवर हात आपटत साथ देत होत्या. चारचा सुमार. ऊन उतरायला तयार नव्हतं.

वायरलेसवर माझे वरिष्ठ साहेब म्हणाले, "टाकीवर कुणी चढता कामा नये. म्होरक्यांना ताब्यात घ्या." एवढीच ऑर्डर होती. मागचा रस्ता बंद करा असं ते म्हणाले नव्हते. ती अक्कल माझी. म्होरके निसटू नयेत आणि नवीन माणसं येऊन मिळू नयेत म्हणून मी तुम्हाला वायरलेसवर सांगितलं, "मागचा दोर ताणा. आतलं कुणी बाहेर नाही, बाहेरचं कुणी आत नाही." नवा फौजदार होतो. आपण काहीतरी हुशारीचं केलं असं मला वाटलं होतं.

पाच मिनिटांत रस्त्याचा हौद झाला. पुढच्या बायांना फाटकापाशी आम्ही ढाली लावून थोपवलं होतं. त्या मागे सरकायला बघत होत्या, आणि मागच्यांना वाटलं पुढे पाणी सुटलंय. त्या पुढे रेटत होत्या. घोषणा थांबल्या. उस्ताद, जमाव ओरडायचा थांबला की घाबरायचं, हे तुम्हीच शिकवलं होतंत. एक म्हातारी भिंतीपाशी खाली गेली. हंडे पडायला लागले, त्या आवाजाने आणखी घबराट झाली. मला काय होतंय ते दिसत होतं. मी त्या दोरात उभा राहिलेला माणूस होतो, मला दिसणार नाही तर कुणाला?

तुम्ही भिंतीला घासत गर्दीतून माझ्यापर्यंत आलात. टोपी हातात, कपाळावर खरचटलेलं. "साहेब, मागची बाजू सोडू द्या. बायांना श्वास घ्यायला जागा नाय."

मी म्हटलं, "म्होरके पळतील."

"पळू द्या. पत्ते हायेत आपल्याकडं. उद्या आणू घरून."

"उस्ताद, ऑर्डर आहे."

तेव्हा तुम्ही आणखी जवळ आलात आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोललात. "साहेब, जैसे थे म्हणा. आजून टाइम हाय."

कवायतीत कमांड चुकीची गेली की कमांड देणाऱ्याने "जैसे थे" म्हणायचं असतं, आणि सगळी तुकडी आधीच्या जागी येते. त्यात लाज नाही, ते नियमातच आहे. तुम्ही मला माझ्याच माणसांसमोर मान खाली न घालता परत फिरायची वाट काढून दिली होतीत. दोन शब्द म्हणायचे होते. माझ्या शिपायांचे डोळे माझ्यावर होते आणि मला वाटलं, आता मी माघार घेतली तर उद्यापासून हे लोक मला फौजदार म्हणून मोजणार नाहीत, उस्तादाचा पोऱ्या म्हणतील. मी म्हणालो, "जागेवर जा, हवालदार."

उस्ताद नाही. हवालदार.

तुम्ही "जय हिंद, साहेब" म्हणालात. त्या गर्दीतही पाय जुळवून सॅल्यूट केलात, पाठ फिरवलीत आणि आल्या वाटेने मागे गेलात. मग तुमचा तो पोटातून येणारा आवाज आला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा तो. "दोर छोड!" आठही शिपायांनी दोर टाकला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रस्ता रिकामा व्हायला फार वेळ लागला नाही. काठी उगारावी लागली नाही. बाया हमरस्त्याला लागल्या, झाडांखाली बसल्या, एकमेकींना पाणी पाजू लागल्या. त्या म्हातारीचं मनगट मोडलं होतं, तिला आपल्याच गाडीतून दवाखान्यात पाठवलं. बाकी खरचटलेलं, मुका मार. त्या दिवशी कुणी मेलं नाही, उस्ताद. मी अकरा वर्षं हा विचार करायचं टाळत आलोय की तुमच्या जागी एखादा आज्ञाधारक हवालदार असता तर काय झालं असतं.

साहेब आले. आधी खूश झाले. "काठी न चालवता पांगवलंस? शाब्बास." मी शाब्बासकी घेतली. मग त्यांनी म्होरक्यांची चौकशी केली. ती पुढारी बाई गर्दीबरोबर निघून गेली होती. साहेबांचा चेहरा बदलला. "मागचा दोर कुणी सोडला?"

मी "मी" म्हणू शकलो असतो. "परिस्थिती बघून मी सोडायला सांगितला" एवढं वाक्य पुरलं असतं. दोन बोलणी बसली असती आणि संध्याकाळपर्यंत साहेब विसरले असते. मी म्हणालो, "हवालदारांनी सोडला, सर. माझी ऑर्डर नव्हती." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ते वाक्य मला आजवर कुठे खोडता आलं नाही.

"मग कसुरी पाठव," ते म्हणाले.

ती कसुरी, म्हणजे तुम्ही कसूर केल्याचा अहवाल, मी स्वतः लिहिली. 'वरिष्ठांच्या स्पष्ट आदेशाचा भंग. बेशिस्त व बेजबाबदार वर्तन.' शब्द कुठून आणले? तुम्ही माझी गार्ड ड्यूटी करत होतात तेव्हा मी बाकावर बसून जे पुस्तक वाचत होतो, त्यातूनच. म्हातारीच्या मनगटाबद्दल लिहिलं नाही. तुम्ही आधी माझ्याकडे येऊन विचारलं होतंत, हेही लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर कुणीही विचारलं असतं, मग तुम्ही काय उत्तर दिलंत?

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कधी कुणाला सांगितलेली नाही. माझ्या पासिंग आउटला आमचे चुलते गावाहून आले होते. तुम्ही त्यांना चहा पाजलात, माझं कौतुक केलंत. त्यांनी तुम्हाला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग काहीच विचारलं नाही. चहाचा कप त्यांनी अर्धा ठेवला. मी तिथेच उभा होतो, दुसरीकडे बघत. कसुरीवर सही करताना मला ते आठवलं का? नाही आठवलं. पण अलीकडे मी स्वतःला विचारतो की तो दोर माझ्या भावकीतल्या एखाद्या हवालदाराने सोडला असता, तर मी ती कसुरी लिहिली असती का? आधी त्याच्या घरी फोन केला असता, कुणाकरवी तरी मिटवलं असतं. तुमच्या बाबतीत कुणाचा फोन येणार नव्हता, आणि ते मला न सांगताच माहीत होतं. याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या दोराचीसुद्धा वाटत नाही.

तुम्हाला साहेबांपुढे हजर केलं. काही सांगायचंय का, विचारलं. मी शेजारीच उभा होतो. तुम्ही म्हणालात, "नाय साहेब. दोर मी सोडला." सात दिवस जादा कवायत.

त्रेपन्नाव्या वर्षी. मुख्यालयाच्या मैदानावर. तिकडे नव्या पोरांची एक तुकडी रोज सराव करत होती. तुमच्यावर कमांड द्यायला जो निर्देशक नेमला, तो तुमच्याच हाताखाली तयार झालेला. पहिल्या दिवशी त्याचा आवाजच फुटेना. "सावधान" म्हणताना तो जवळजवळ रडला. तुम्ही सावधानमध्ये उभे राहून समोर बघत त्याला म्हणालात, "आवाज पोटातून काढ. शिक्षा देतोस का माफी मागतोस?" हे मला नंतर कळलं, आणि सगळं मुख्यालय हसलं होतं असंही कळलं. मी मात्र तेव्हा लांबच्या व्हरांड्यातून नुसता बघत होतो आणि आतल्या आत चडफडत होतो, की हा माणूस शिक्षेतसुद्धा मला एकट्याला शिक्षा करतोय.

चौथ्या दिवशी मला मैदानाच्या कडेने जावंच लागलं. मी फोन कानाला लावला. फोनवर कुणी नव्हतं. तुम्ही तिकडून येत होतात, कदम पडत होते, शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्याजवळ आल्यावर निर्देशकाने नाइलाजाने कमांड दिली, "दाहिने देख." तुमची मान झटक्यात माझ्याकडे वळली. नियमाप्रमाणे अधिकाऱ्याच्या डोळ्यात बघायचं असतं. तुम्ही बघितलंत. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी फोनमध्ये "हो, हो" म्हणत पुढे गेलो.

मग तुम्ही पाच वर्षांनी निवृत्त झालात. निरोपाला तुमच्या अंगावर शाल मी घातली, नारळ मी दिला, आदर्श वगैरे शब्दही मीच वापरले. तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत, "साहेब, पोरांना दोरात उभं करतात का अजून?" मी म्हणालो, "आता पद्धत बदलली, उस्ताद. स्क्रीनवर दाखवतो आम्ही." तुम्ही म्हणालात, "आसं व्हय." एवढंच. तुमच्याशी माझं शेवटचं धड बोलणं ते.

परवा सभा संपल्यावर सुजाताने मला चहा आणून दिला. तुमची मुलगी, आता शाळेत शिकवते. म्हणाली, "सर, बाबांच्या शिक्षेबद्दल बोललात ते ऐकलं. आईला तुमच्याशी बोलायचंय." काकू आतल्या खोलीत होत्या. मी समोर बसलो आणि आपसूक बोलायला लागलो. दोर, मनगट, साहेब, कसुरी. सगळं सांगितलं. मला वाटत होतं, मी केवढा मोठा गौप्यस्फोट करतोय.

काकू म्हणाल्या, "हे समदं आमाला ठावं हाय. त्याच दिवशी सांगितलं व्हतं त्यांनी. जेवता जेवता."

"मग कधी काही बोलले नाहीत ते?"

"मी लई भांडले. म्हणलं, वर अर्ज करा, त्या बायांना साक्षीला न्या. तर म्हणले, नको. कन्नड सांगंल स्वताहून. जरा वेळ लागंल त्याला, लई हट्टी हाय. पर सांगंल." त्यांनी सभागृहाकडे हात केला. "आन् तुमी आज माइकवर सांगितलं ते हे व्हय?"

मी म्हटलं, "काकू, मी तुमची माफी मागतो."

"माझी कशाला? शिक्षा माझ्या घरात झाली का? ग्राउंडवर झाली व्हती, पोरांम्होरं. चुकलो म्हणायचं तर थितंच जाऊन म्हणा."

मी आधी दुसरी वाट शोधली, हेही सांगतो. कागद दुरुस्त होतात का ते बघायला गेलो. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "अपील ज्याला शिक्षा झाली त्यानेच करायचं असतं, सर. मुदतीत." मी तरी तीन ओळींचा अर्ज लिहून दिला. त्याने तो घेतला, आणि कुठे ठेवावा हे न कळून टेबलावरच ठेवला.

मग माझ्या हाताखालच्या निर्देशकाला सांगितलं, उद्या सकाळी कवायतीनंतर दहा मिनिटं मी बोलणार आहे, आणि काय बोलणार तेही सांगितलं. तो चपापला. "सर, नका. अजून वर्दीची घडी मोडली नाही या पोरांची. ऑर्डर मोडली तरी चालते असं डोक्यात बसलं, तर उद्या रस्त्यावर आपलं कोण ऐकणार? आणि सर, तुमच्याबद्दल काय म्हणतील?" पहिला प्रश्न खरा होता. गार्डरूमच्या बाकावर मी तुम्हाला तोच विचारायचो. दुसऱ्या प्रश्नासाठीच मी अकरा वर्षं गप्प होतो.

आज सकाळी सांगितलं. तुकडी समोर बसली होती. मी कळवलं होतं म्हणून सुजाता स्कूटरवरून आली आणि फाटकाजवळ उभी राहिली. मी तुमचं पूर्ण नाव घेतलं, मग माझं घेतलं, आणि क्रमाने सांगितलं. कुठे उभा होतो, तुम्ही काय म्हणालात, मी काय म्हणालो, कागदावर काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही. आवाज मध्येच गेला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोटातून काढ.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने उठून हात वर केला. निर्देशक तिला खाली बसवायला निघाला, मी थांबवलं. ती म्हणाली, "सर, म्हणजे त्यांनी तुमची ऑर्डर मोडली ते बरोबर होतं का?"

उद्यापासून या पोरांना मीच ऑर्डरी देणार आहे. त्या चुकतीलही.

"बरोबर होतं," मी म्हणालो. "त्यांनी आधी मला विचारलं, मी ऐकलं नाही, माणसं चेंगरत होती, म्हणून मोडली. आणि मोडली हे त्यांनी कबूलही केलं. हे सगळं जमणार असेल तर मोडा. चुकीची ऑर्डर माझी होती, शिक्षा त्यांना झाली."

ती खाली बसली. निर्देशकाने तुकडी नेली. मी फाटकाकडे गेलो तेव्हा सुजाता हेल्मेट घालत होती. मला वाटलं, काहीतरी म्हणेल. तिने फक्त विचारलं, "हे एवढंच होतं, सर?"

एवढंच होतं, उस्ताद. चार-पाच वाक्यं. गारखेड्यात तुमचं घर माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर होतं, आणि तुम्ही रोज संध्याकाळी दारातच खुर्ची टाकून बसलेले असायचात.